यंत्रमानवाच्या खांद्याची उंची

सतरा फेब्रुवारीला सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी एकशे बारा भागांपैकी शेवटचा भाग जागेवर बसला, आणि तंत्रनिकेतनाच्या कार्यशाळेचे निवृत्त निदेशक यंत्रमानवाच्या आत शिरायला गेले. खांद्यापाशी अडकले.

पाठीची झडप उघडी होती. त्यांनी श्वास सोडून पाहिला, एक खांदा आधी घालून पाहिला, मग दुसरा. पांढरी प्लास्टिकची शीट कुरकुरली, पण आत घेईना.

"भावोजी, बरणीत हात अडकलेल्या पोरासारखे दिसताय," दारातून मेहुणी म्हणाली. ती जेवणाचा डबा घेऊन आली होती. "पोट सुटलंय, कबूल करा."

"वस्तुतः माझं वजन तेव्हापेक्षा चार किलोंनी कमी आहे. आणि म्हातारपणी माणूस आकसतो, फुगत नाही. हा मला व्हायलाच हवा."

'तेव्हा' म्हणजे एकेचाळीस वर्षांपूर्वी. कॉलेजच्या प्रदर्शनात पत्र्याचा यंत्रमानव उभा केला होता आणि त्याच्या आत ते स्वतः. पाहुण्यांच्या प्रश्नांना भोंग्यातून उत्तरे द्यायची आणि डोळ्यांच्या जागच्या फटीतून दिसेल तेवढे बघायचे. त्या फटीतच ती, पुढे त्यांची बायको झालेली, पहिल्यांदा दिसली. "तुला भूक लागते का रे?" तिने यंत्रमानवाला विचारले होते. मग ती त्याच्या डाव्या अंगाला जाऊन उभी राहिली आणि तिच्या धाकट्या बहिणीने फोटो काढला. आतून तेवढे वळून पाहता येत नव्हते. ओळख झाली ती पुढच्या वर्षी. आत आपण होतो हे त्यांनी तिला लग्नानंतर सांगितले, तेव्हा ती नुसती हसली होती.

तो पत्रा केव्हाच भंगारात गेला. तिला जाऊन दोन वर्षे झाली. उरला तो फोटो. पुन्हा एकदा त्या जागी उभे राहायचे, एवढ्या एका इच्छेपायी निदेशकांनी जेवणाचे टेबल भिंतीला सरकवून खोलीची कार्यशाळा केली होती. शीटवर कटरने दोनदा रेघ ओढायची आणि टेबलाच्या कडेवर दाबून मोडायची. गोलाई हवी तिथे गरम हवेने मऊ करून डब्याभोवती वळवायची. सांधे चिकटले की पॉलिश पेपरने घासायचे. मापे सगळी फोटोवरून. यंत्रमानवाच्या पायाशी जमिनीची रेघ स्वच्छ होती. तिची पावले मात्र कुंड्यांआड होती. रेघेपासून तिच्या डोक्यापर्यंत शहात्तर मिलिमीटर. तिची उंची एकशे बावन्न सेंटिमीटर, त्यांना पाठ होती. म्हणजे मिलिमीटरला दोन सेंटिमीटर. यंत्रमानव फोटोत पंच्याण्णव, म्हणून खोलीत एकशे नव्वद.

"म्हणजे फुटपट्टी म्हणून ताईलाच धरलीत?" मेहुणीने फोटो उचलला.

"तिच्याइतकं खात्रीचं माप दुसरं कोणतं होतं?"

मेहुणी हसत सुटली, ती खुर्चीतच बसली. "अहो, टाचा उंचावून उभी होती ती! मी कॅमेरा धरून ओरडतेय, ताई, हलू नकोस, आणि ती आपली चवड्यांवर डुगडुगतेय."

"कशासाठी?"

"खांद्याला डोकं लागावं म्हणून."

"पत्र्याच्या?"

"पत्र्याला कोण विचारतंय! आत तुम्ही होतात ना?"

"तिला ते ठाऊक नव्हतं. भोंग्यातून आवाज इतका बदलायचा, की..."

"आणि भोंग्यातून तुमचं 'वस्तुतः' लपलं होय? 'वस्तुतः भूक लागते, पण सांगायची सोय नाही.' आठवडाभर घरात तुमची नक्कल चालली होती. त्याआधी वर्षभर वाचनालयात, ग्रंथपालाशी चालणारं तुमचं 'वस्तुतः' ऐकत, तुमच्यासमोर बसायची ती. पुस्तकातून मान वर केली असेल तुम्ही तर शपथ!"

निदेशक हातातला काटकोन मापायचा गुण्या पुसत म्हणाले, "जरा टाचा उचल बघू."

"माझ्या?"

"तिच्या चपला तुला व्हायच्या."

भिंतीला टेकून मेहुणीने टाचा उचलल्या. फरक आठ सेंटिमीटर. एकशे बावन्न आणि आठ, एकशे साठ. त्या हिशेबाने यंत्रमानव दोनशे.

"मग पायाखाली दहा सेंटिमीटरची फळी ठोका आणि मोकळे व्हा."

"फळीने खांदे रुंद होत नाहीत. सगळंच पुन्हा कापावं लागेल."

"एकशे बारा तुकडे? खूळ लागलंय तुम्हाला."

"वस्तुतः..." ते म्हणाले, आणि त्यांनी कटर उचलला.

मे महिन्यात झडप पुन्हा उघडली. या खेपेला खांदे अलगद आत गेले. फटीतून समोरची भिंत दिसली, भिंतीवरचे घड्याळ, आणि टेप घेऊन स्टुलाकडे निघालेली मेहुणी. डावीकडचे काहीच दिसत नव्हते. तेव्हाही दिसले नव्हते. ती तिथे नाही, असे आतून कोणालाही सांगता आले नसते.

"भावोजी, माप घेऊ?"

"थांब जरा."

त्यांनी आतल्या आत डावा खांदा थोडा खाली केला आणि तसेच उभे राहिले.

मग मेहुणीने स्टुलावर चढून टेप लावली आणि मोठ्याने वाचले: दोनशे सेंटिमीटर.