आठवड्यातून चार वेळा, एकटी

बासष्ट पावलं, मग गटाराचं झाकण. पाय पडला की खडखडतं.

वहिनी जेवून आडवी झाली की दीड ते तीन घरात फक्त तिचं घोरणं.

कापड फाटलेली एक जुनी छत्री. टाकून दे म्हणून दहादा सांगून झालंय.

औषधाच्या दुकानातला माणूस हल्ली "या" म्हणत नाही, "आलात का" म्हणतो.

प्रश्न सातवा: गेल्या महिन्यात आपण घराबाहेर एकट्या किती वेळा गेलात?

हा प्रश्न आला तेव्हा ती स्वयंपाकघरात, ओट्याला पाठ लावून स्टुलावर बसली होती. सहा वर्षांपूर्वी नजर गेली, तेव्हापासून ती दादाकडे. एक्केचाळीस वर्षांच्या बाईला दादा अजून छकुली म्हणे आणि पाणीसुद्धा हातात आणून देई. आज पाहणीवाली आली होती. दृष्टी नसलेल्या मोठ्या माणसांना हिंडण्याफिरण्यात काय अडतं, ते लिहून घ्यायला. फॉर्म नीट भरला तर तीन महिने घरी शिकवायला माणूस येणार होता: पांढरी काठी, मोठा रस्ता, बस. औषधाच्या दुकानापुढचा मोठा रस्ता तिला अजून ओलांडता आला नव्हता. तिचं जग तिथे संपत होतं.

"मला विचारा की," दादा म्हणाला होता. "ती कुठे जात नाही. आम्ही काय मेलोय?"

"दादा, प्रश्न मला आहेत."

"बरं बाई. छकुलीला तोंड फुटलंय हल्ली."

एकटीलाच विचारायचं असा नियम होता. दादा बाहेर गेला, टीव्ही लावला.

"आठवड्यातून चार वेळा," ती कुजबुजली.

"घरी माहीत आहे?"

"छे हो. दादाला कळलं तर पायात बेडी घालेल."

"इथलं इथेच राहील," पाहणीवाली म्हणाली, अगदी मनापासून.

मग ती बोलतच सुटली. भीती कशाची? सायकलींची, मुकाट अंगावर येतात. काठी? छत्री. सहा वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. बत्तीस प्रश्न संपले तेव्हा तिचा घसा सुकला होता.

"आता शेवटचं. तुम्हाला वाचता येत नाही ना, म्हणून सगळी उत्तरं मोठ्यानं वाचून दाखवायची. डोळस साक्षीदारासमोर. त्याची सही लागते. दादांना बोलावू?"

"दादा नको."

"आत्ता घरात दुसरं कुणी नाही ना. सही नसेल तर फॉर्म बाद होतो हो."

"मग सातवा गाळा."

"गाळता नाही येत. तोच तर मुख्य आहे."

ओट्याची कड तिच्या हाताला ओली लागली. दादा वाईट नव्हता. ताप आला तर रात्रभर उशाशी बसणारा माणूस. ऐकून घेईल कदाचित.

"बोलवा," ती म्हणाली.

दादा आत आला. पाहणीवाली वाचत सातव्यापर्यंत पोचली. "एकट्यानं घराबाहेर, आठवड्यातून चार वेळा. आधार, छत्री. घरच्यांना कल्पना, नाही."

बाहेरचा टीव्ही बंद झाला होता. दादाचं पेन कागदावर फिरलं, सहीखाली दोन रेघा ओढल्या गेल्या.

"चहा घेऊन जा," दादा पाहणीवालीला म्हणाला. "चांगलं काम करता."

ती गेल्यावरही त्यानं आवाज चढवला नाही. "छकुले, लोक गेले खड्ड्यात. पण तू गाडीखाली आलीस तर ओळख पटवायला मीच जायचं ना?"

संध्याकाळी भिंतीत ड्रिल घरघरलं. दाराला आतून कुलूप आलं, किल्ली वहिनीच्या कमरेला. "आता मी मेलीनं झोपेतही पहारा द्यायचा," वहिनी म्हणाली.

सात आठवड्यांनी, भर दुपारी, दार वाजलं.

"चालायला शिकवायला आलोय. उघडता का?"

"किल्ली नाही माझ्याकडे."

"घरात दुसरं कुणी?"

वहिनी उठून दाराशी आली होती. "ती नाही जात हो कुठे," ती आतूनच म्हणाली.

बाहेर कागद चाळल्याचा आवाज आला. मग तो माणूस ओशाळून म्हणाला, "'शिकण्यास तयार नाही' असं लिहितो. दुसरा रकानाच नाहीये."

त्याची पावलं जिना उतरून गेली. ती दाराला तळहात लावून उभी राहिली. वहिनी परत आडवी झाली.

पाहणीवाली या घरी आली त्या दिवशी सकाळपासून तिची चार घरं झाली होती. चारही फॉर्मवर साक्षीदाराची सही घरातल्याच माणसाची होती.