मिठात ठेवलेली सुरी

खस्... खस्... खस्...

घर अगदी गप्प होतं. चुलीपुढे बसून आपोलोनिया माझ्या पात्यावर खडेमीठ घासत होती.

मित्रांनो, मी एक जुनी सुरी आहे. जर्मनीतल्या वेझर नदीकाठी, पावणेचारशे वर्षांपूर्वी लोरेंट्झ लोहाराने मला घडवलं. नाशपतीच्या लाकडाची मूठ बसवली आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मला बायकोच्या, आपोलोनियाच्या, हाती दिलं. "धार गेली तर मला सांग. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नकोस," तो म्हणाला. नऊ वर्षं मी त्या घरात पाव कापला, कोबी चिरला. काम झालं की आपोलोनिया मला पुसून कोरडी करायची. शेजारणी चिडवायच्या, "अगं, लेकीपेक्षा हिलाच जास्त जपतेस की!"

मग एका उन्हाळ्यात लोरेंट्झला ताप आला. आपोलोनियानेच योस्टबुवांना बोलावलं. योस्ट गावचा न्हावी. दाढी करायचा, दात उपटायचा आणि आजाऱ्यांचं रक्तही काढायचा. ताप म्हणजे बिघडलेलं रक्त, ते काढलं की माणूस बरा, असाच तेव्हा सगळ्यांचा समज. एका दिवसात त्याने तीनदा शीर कापली. रक्ताखालचा वाडगा आपोलोनियाने धरला होता.

"मला नुसतं झोपू दे गं," लोरेंट्झ पुटपुटला.

"अहो, जरा सोसा," ती म्हणाली.

दुसऱ्या सकाळी तो गेला. योस्ट टोपी हातात घेऊन म्हणाला, "आणखी एकदा काढलं असतं ना वहिनी, तर वाचला असता."

ते मी फडताळातून ऐकलं. पोलादाला विसरता येत नाही, मित्रांनो.

नोव्हेंबर उजाडला. अंगणात डुक्कर कापलं गेलं, आतड्यांत मांस भरायची घाई उडाली. वासावर योस्ट आलाच. "सरा वहिनी, कापाकापी हा आमचा धंदा!" म्हणत त्याने आपोलोनियाच्या हातून मला ओढलं. मी घसरले, असं सगळे म्हणाले. तुम्हाला म्हणून खरं सांगते, मी वळले. त्याचा तळवा अंगठ्यापासून मनगटापर्यंत उघडला.

आता त्या लोकांची रीत ऐका. हत्याराने जखम झाली की मलम जखमेला नाही, हत्याराला लावायचं! पात्यावरचं रक्त आणि अंगातलं रक्त यांचं नातं तुटत नाही, म्हणे. पात्याला ऊब, तर माणसाला आराम. पात्याला गारठा, तर माणूस तिकडे विव्हळणार. मलमही योस्टच बनवायचा. त्यात अस्वलाची चरबी असे आणि मेलेल्याच्या कवटीवरचं शेवाळही. जखम त्याने नुसती धुतली, स्वच्छ कापडात बांधली आणि मलमाची डबी आपोलोनियाच्या हाती ठेवली.

"सुरी तुमची, तेव्हा जपायचीही तुम्हीच. रोज मलम लावा, मऊ फडक्यात ठेवा. माझा हात आता तुमच्या हातात आहे हो!" आणि हसला.

तो गेल्यावर तिने दाराला कडी घातली. डबी चुलीत फेकली.

रोज सकाळी मीठ. दुपारी आंबट शिरका. मग दोरीला बांधून विहिरीच्या गारठ्यात टांगणं. एकदा तर तिने मला निखाऱ्यांत खुपसलं. "ओरड," ती माझ्याकडे बघून म्हणायची, "ओरड रे मेल्या! तीनदा ओरड!" मला सगळं सोसत होतं. गंज चढला, मूठ तडकली. म्हटलं, मी संपले तरी चालेल, पण त्याचा हात सडू दे. लोरेंट्झची शीर कापणारा हात.

आठ वर्षांची उर्सल चुलीशी बसून बघायची. "आई, सुरीने काय केलंय गं?"

"सुरीने नाही," आई म्हणायची, आणि आणखी जोरात घासायची.

तीन आठवड्यांनी दार वाजलं. दारात योस्ट, हातात मधाचा केक.

"बघा वहिनी!" त्याने मूठ मिटली, उघडली. तळव्यावर नुसती एक गुलाबी रेघ. "एक दिवस ठणकलं नाही. काय जपलंत हो सुरीला! गावभर सांगत सुटलोय, मलम माझं, पण माया वहिनींची!"

"एकदाही नाही ठणकलं?"

"देवाशपथ!"

तो शीळ घालत पायऱ्या उतरला. आपोलोनियाने मला मिठातून उचललं. दाराकडे पाहिलं. मी म्हटलं, चल, माझं टोक अजून शाबूत आहे! पण तिने मला मिठात परत टाकलं.

मित्रांनो, तुमच्या घरातली सुरी वापरून झाली की पुसा, कोरडी ठेवा. तिच्याकडून पाव कापून घ्या, सूड मागू नका. मी तो मनापासून द्यायला निघाले होते, आणि गंजले ती मीच.

उर्सलने मला उचललं, परकराला पुसलं. बराच वेळ ती पुसतच राहिली.

"आई, सुरीला तर तू मीठच लावलंस. आणि त्यांच्या हाताला कुणी काहीच केलं नाही. नुसतं बांधून ठेवलं, तरी बरा झाला."

"हं."

"मग आपण बाबांना नुसतं झोपू दिलं असतं, तर?"