खरा निकोलस आणि शिवलेल्या पिशव्या

पाद्रीबाईंना इतिहासाचा पुळका आला तो नेमका नाताळच्या तोंडावर, आणि त्यात पहिला बळी गेला तो शिंप्याच्या पोटाचा.

हे पोट चर्चच्या मंडळीत प्रसिद्ध होतं. कितीतरी वर्षं चर्चच्या हॉलमध्ये सांताक्लॉज म्हणून तेच मिरवत आलं होतं. इतर ठिकाणच्या सांतांना पोटावर उशी बांधावी लागे आणि ती ऐन रंगात घसरून गुडघ्यांवर येई. शिंप्याला असली उसनवारी करावी लागत नसे. लाल झगा त्यानेच शिवलेला, दाढी कापसाची, आणि हसू मात्र अस्सल. बायको गेल्यापासून तो एरवी फारसा हसत नसे. वर्षाचं सगळं हसू त्या एका संध्याकाळी बाहेर पडायचं, आणि त्याच्या लेकीला ती संध्याकाळ त्यासाठीच हवी असायची.

पण खरी गंमत पोटात नव्हती, पिशव्यांत होती. दुकानाच्या कोपऱ्यात पत्र्याची एक मोठी ट्रंक असे. वर्षभर येणारी-जाणारी माणसं तिच्यात काहीबाही टाकून जात. कुणी नवे बूट, कुणी स्वेटर, कुणी चेंडू, कुणी रंगपेटी. कोण काय टाकतं हे शिंपी बघत नसे, म्हणजे बघून न बघितल्यासारखं करी. नाताळ जवळ आला की मंडळीतल्या प्रत्येक मुलासाठी तो एकाच कापडाची, एकाच मापाची पिशवी शिवायचा, आत वस्तू घालायचा, चिंध्या कोंबून सगळ्या सारख्याच गुबगुबीत करायचा आणि तोंड चक्क शिवून टाकायचा. पिशवी हातात पडली तरी हॉलमध्ये उघडता येत नसे. घरी जाऊन कात्रीने उसवावी लागे. फोटो काढणारे वैतागायचे. "अहो, उघडताना पोरांचे चेहरे टिपायचे असतात!" म्हणायचे. शिंपी "बरं बरं" म्हणायचा आणि पुढच्या वर्षी दोन टाके जास्तच घालायचा. कुणाला चेंडू मिळाला आणि कुणाला बूट, आणि ज्याला बूट मिळाले त्याला ते का मिळाले, हे हॉलभर कळायचं काही कारण नव्हतं.

तर पाद्रीबाई कुठल्याशा शिबिराला जाऊन आल्या आणि त्यांनी मुलांसाठी चित्रांचं पुस्तक लिहिलं. 'आपला खरा निकोलस'. सणामागचा इतिहास मुलांना कळलाच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. स्वतः बाईंना तो कळून जेमतेम महिना झाला होता, पण उतू जायला तेवढं पुरतं.

शिंप्याची लेक छापखान्यात बाइंडर होती, त्यामुळे पुस्तकाचे छापून आलेले मोठे कागद घड्या घालायला आणि शिवायला तिच्याच टेबलावर आले. चित्रं सुरेख होती, हे तिला नाइलाजाने मान्य करावं लागलं. पहिल्याच पानावर लाल कपड्यातला एक ढेरपोट्या म्हातारा होता आणि त्याच्यावर भली मोठी फुली. खाली लिहिलं होतं, 'हा खरा नाही.' लेकीने तो कागद हातात धरला तेव्हा तिच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. म्हाताऱ्याची मिशी सोडली तर तो हुबेहूब तिचा बाप होता.

पुढे खरा निकोलस येत होता. सडपातळ, उंच टोपीचा, समुद्रकाठच्या एका जुन्या शहराचा बिशप. एका गरीब बापाच्या तीन मुली, घरात अन्नान्नदशा, आणि निकोलस अंधारात खिडकीतून सोन्याच्या पिशव्या आत टाकून निघून जातो. बाईंनी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'त्याने कुणालाही कळू दिलं नाही. खरं दान गुप्त असतं.' हे डावीकडचं पान. आणि उजवीकडे, त्याच्या अगदी समोर, देणगीदारांचे फोटो! सगळ्यांत मोठा मंडळीच्या खजिनदाराचा, कोट-टाय घालून. मधल्या पानाचा हट्ट त्याचाच होता, कारण शिवलेलं पुस्तक आपोआप उघडतं ते मधल्या पानावर, एवढं शास्त्र त्या गृहस्थाला बरोबर माहीत होतं. डाव्या हाताचं उजव्या हाताला कळू नये म्हणणाऱ्या पानाला असला उजवा हात मिळाला होता, आणि पाद्री, पाद्रीबाई, कमिटी, यांपैकी एकालाही त्यात काही खटकलं नव्हतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

तेवढ्यावर भागलं असतं तर लेकीने दात-ओठ खाऊन घड्या घातल्या असत्या. पण पलीकडच्या टेबलावर कागद जुळवणाऱ्या मावशीचे हात आज चालत नव्हते.

"काय गं मावशी, बरं नाही का?"

"यंदा सांता नाही म्हणे," मावशी म्हणाली. "खजिनदार होणार निकोलस. आणि स्टेजवर तीन गरजू मुलींना बोलवणार, पुस्तकातल्यासारखं. पिशवी उघडून एकेक वस्तू वर धरून दाखवणार. एक माझी."

लेकीने हातातला कागद खाली ठेवला.

"पाद्रीबाई घरी येऊन सांगून गेल्या. मी काय बोलू? वर्षभर त्यांच्याच ओळखीने पोरीची शाळा चाललीये. पोरगी म्हणते, आई, त्या दिवशी मी आजारी पडते. बारा वर्षांची झाली, तिला कळत नाही होय? वर्गातल्या सगळ्या जणी समोर बसलेल्या असणार." मावशीने कागदांचा गठ्ठा आपटून सरळ केला. "बूट आहेत म्हणे. वर धरून दाखवणार बूट."

संध्याकाळी लेक तरातरा दुकानात गेली, तर पाद्रीबाई तिच्या आधीच तिथे हजर. काउंटरवर पुस्तकाची नमुना प्रत, तीन कोट, बुटांचे तीन जोड आणि लाल मखमलीचा तागा.

"मनाला लावून घेऊ नका हं," बाई शिंप्याला समजावत होत्या. "तुमच्याबद्दल आम्हाला आदरच आहे. पण इतिहास म्हणजे इतिहास. खरा निकोलस उपास करायचा. तुमचं... म्हणजे शरीरयष्टी तशी नाही ना."

"नाही," शिंपी म्हणाला.

"खजिनदारसाहेब अगदी शोभतात."

ते मात्र खरं होतं. खजिनदार हडकुळा होता, पण उपासाने नव्हे. तो इतका कवडीचुंबक होता की स्वतःच्या पोटालाही हात आखडूनच द्यायचा.

"तर झगा, उंच टोपी आणि तीन पिशव्या तुम्हीच शिवा. तुमच्याइतकं चांगलं कोण शिवणार? वस्तू आत भरूनच ठेवा आणि तोंडाला सोनेरी नाडी बांधा, म्हणजे ओढली की उघडेल. आणि ती तुमची ट्रंक यंदा राहू द्या. मुलांना पुस्तकंच वाटणार आहोत."

"बरं," शिंपी म्हणाला. "मखमल बरीच आणलीत. उरेल."

"उरली तर ठेवा तुम्हाला," बाई उदारपणे म्हणाल्या आणि गेल्या.

लेकीचा बांध फुटला. "बाबा, मूग गिळून बसलात? तुमच्यावर फुली मारलीये त्या पुस्तकात! आणि वर त्यांचेच कपडे शिवणार? त्या पोरीला सगळ्यांसमोर उभं करणार आहेत, ते तरी कळलं का?"

"कळलं."

"मग?"

"मग खजिनदाराचं माप घ्यायला हवं." त्याने गळ्यातली टेप सारखी केली. "तुमच्या छापखान्यात तो मेणाचा दोरा असतो ना, पुस्तकं शिवायचा? एक रीळ मागून आण."

"टोपी ताठ उभी राहायला हवी असेल, नाही का!" लेक तडकून म्हणाली. तिने दुसऱ्या दिवशी रीळ आणून काउंटरवर आदळलं आणि बापाशी बोलणं टाकलं. शिलाई यंत्राची खडखड अख्खा आठवडा चालू होती. तिला वाटलं, लाचारीला एवढा उत्साह कुठून येतो? बापाची तिला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

नाताळच्या कार्यक्रमाला हॉल भरला. शिंपी मागे दाराशी साध्या सदऱ्यात बसला होता, आणि लेक मुद्दाम त्याच्यापासून चार खुर्च्या सोडून बसली होती. स्टेजवर खजिनदार झगा-टोपी घालून अवतरला. लहान मुलांनी त्याला नीट न्याहाळलं. एकीने खणखणीत आवाजात विचारलं, "आई, हा कुणावर रागावलाय?" हॉलमध्ये खसखस पिकली. पाद्रीबाईंनी माइक हातात घेऊन पुस्तक वाचायला सुरुवात केली. 'खरं दान गुप्त असतं' हे वाक्य त्यांनी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा फोटोवाल्याकडे बघून.

मग तीन नावं पुकारली गेली.

मावशीची पोर दुसरी. मान खाली, हातांची बोटं फ्रॉकच्या चुणीत. पायातल्या जुन्या चपला दिसू नयेत म्हणून ती एका पायावर दुसरा पाय ठेवून उभी होती, आणि त्यामुळे त्या सगळ्यांनाच दिसत होत्या. लेकीला उठून ओरडावंसं वाटलं.

"आता निकोलस पिशवी उघडतील," पाद्रीबाई म्हणाल्या, "आणि या मुलींना काय मिळालं ते आपण सगळे पाहू. आणि मग त्यांच्या परिस्थितीबद्दल मी दोन शब्द बोलेन."

खजिनदाराने पहिली पिशवी घेतली आणि फोटोसाठी हसून नाडी ओढली. नाडी सुळकन हातात आली. पिशवी बंदच. त्याने नाडीकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं. तोंडाशी बोटं घालून ताणलं. काही नाही. दुसरी घेतली, तिचीही नाडी हातात आली. आता त्याने पिशवी पोटाशी धरून दोन्ही हातांनी हिसका दिला, मग कॅमेरा विसरून तोंडाला दात लावले. टोपी घसरून नाकावर आली. हॉलमध्ये आधी कुणीतरी फिसकलं आणि मग हसण्याचा असा लोंढा आला की पाद्रीबाईंचा माइकही त्यात बुडाला.

लेक पुढे वाकली. पिशवीच्या तोंडाशी, मखमलीच्या कडेने पांढरा, जाड, मेण चोळलेला दोरा चमकत होता. तो दातांनी तुटत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? तिने बापाकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता.

"कात्री!" पाद्रीबाई ओरडल्या. "कुणाकडे कात्री आहे का? अहो, तुम्ही शिंपी ना?"

शिंपी उठला. त्याच्या सदऱ्याच्या खिशातून कात्रीची दोन्ही टोकं बाहेर डोकावत होती आणि ती अख्ख्या हॉलला दिसत होती.

"कात्री नाही आणली," तो म्हणाला. "घरी जाऊन उसवतील पोरी. आणि साहेब, तिघींवर थांबू नका. बाकीच्या इथे आहेत."

त्याने खुर्चीमागून ट्रंक ओढली आणि झाकण उघडलं. आत लाल मखमलीच्या पिशव्या गच्च भरलेल्या, तशाच गुबगुबीत, तशीच सोनेरी नाडी. स्टेजवरच्या तिन्ही त्यांत टाकल्या असत्या तर शिवणाऱ्यालाही पुन्हा ओळखता आल्या नसत्या. पोरांनी एकच गिल्ला केला आणि स्टेजकडे धाव घेतली. आता थांबवणार कोण? लेक केव्हा उठली ते तिलाही कळलं नाही. ट्रंकेचं दुसरं कडं तिच्या हातात होतं. दोघांनी ती स्टेजवर चढवली.

खजिनदाराला वाटतच सुटावं लागलं. एक द्यायचा की दुसरा हात पुढे. जन्मात कुणाला स्वतःच्या हाताने काही दिलेलं नसल्यामुळे त्याचा खांदा लवकरच भरून आला. "थँक्यू, सांता!" म्हणत पोरं पळत होती, आणि पाद्रीबाई कोपऱ्यातून "निकोलस! निकोलस म्हणा!" असं ओरडत होत्या. दोन शब्द बोलायचे राहूनच गेले. त्या तिघींना स्टेजवर आधी का बोलावलं होतं हे त्या सोडून सगळे विसरले, आणि थोड्या वेळाने त्याही विसरल्या.

शिंपी स्टेजच्या पायऱ्या उतरताना हसत सुटला होता. झगा नव्हता, दाढी नव्हती, तरी पोट हलत होतं. "बाबा," लेक म्हणाली, "मला सांगायचं तरी."

"तू बोलत कुठे होतीस?"

दाराशी खजिनदाराची नात पिशवी कानाशी धरून हलवत उभी होती. कडेने मावशीची पोर चालली होती, ताठ मानेने.

"ए, तुझ्यात काय आहे गं?" नातीने विचारलं.

"तुझ्यात काय आहे?"

"काय माहीत!"

"मग मला तरी काय माहीत?" मावशीची पोर म्हणाली, आणि पिशवी काखेत मारून पायऱ्या उतरून गेली.