सामाईक सिंहांचा सातबारा

थोरला मेला.

हे वाचलंत तसं विसरा. थोरला ठणठणीत आहे, झाडाखाली आडवा पडलाय आणि शेपटीने माश्या हाकतोय. पुढचं सगळं तसंच समजून वाचायचं. मी अडीच महिने तसंच समजून काढले.

थोरला आणि धाकला हे आफ्रिकेतले दोन सिंह, सख्खे भाऊ. २००२ साली ते सणसवाडीत बानूबाईंच्या चाळीत, चार नंबरच्या खोलीत, चौदा इंची टीव्हीवर दर गुरुवारी सकाळी अकराला यायचे. आमच्या कंपनीला सुट्टी गुरुवारी असते, हे त्या चॅनेलवाल्यांना कुणी सांगितलं ठाऊक नाही. खोलीत आम्ही दोघं. मी आतिफ, दौंडचा. दुसरा बिरदेव, वडगाव रासाईचा. एकाच कंपनीत, एकाच स्टोअरला. त्याला 'आतिफ' म्हणताना शेवटचा फ सापडायचा नाही, म्हणून तो मला 'आत्या' म्हणायचा. मग सुपरवायझरही म्हणायला लागला, "आत्या, दहा एमएमचे बोल्ट काढा."

पहिल्याच भागात हिंदीत सांगितलं, की नर छावा मोठा झाला की कळप त्याला हाकलून देतो. मग असे दोन-तीन हाकललेले मिळून गठबंधन करतात आणि हद्द धरतात.

"गठबंधन म्हंजी?" बिरदेव म्हणाला. "सरकार बनिवत्यात व्हय?"

"युती रे."

"युतीत भांडणं असत्यात. हे बघ, एका ताटात खात्यात. ह्ये सामाईक हाय."

सातबाऱ्यावर दोन भावांची नावं वाटणी न होता एकाखाली एक राहतात, ते सामाईक. शब्द इतका चपखल बसला, की मी स्टोअरची एक रद्द वही आणून सिंहांचा सातबारा उघडला. भोगवटादार: थोरला व धाकला, सामाईक. पीक: रानम्हशी. इतर हक्क: तरस. चतुःसीमा: पूर्वेस नदी, पश्चिमेस जीपचा रस्ता, उत्तरेस तीन परक्या नरांची हद्द, दक्षिणेस जाहिराती.

हाकलण्याचं आम्हाला नवीन नव्हतं. बिरदेवच्या आज्याने मेंढरं विकून शेती धरली, ती तीन नातवांत पुरेना. मला तसं कुणी हाकललं नाही. पण एकदा दौंडला घरी गेलो तर फरहतभाभीने मला बशीसकट फुलाफुलाच्या कपात चहा दिला. अझरुद्दीनभाईला आणि पोरांना स्टीलच्या पेल्यात. मी कपाकडे बघितलं, चहा छान झालाय म्हणालो, आणि चारच्या एसटीने परत आलो.

त्या दिवशी बिरदेवने वहीच्या मागच्या पानावर लिहिलं: 'जवर ह्यांचं सामाईक, तवर खोली सामाईक.' खाली दोघांचे अंगठे. सही दोघांनाही येत होती, पण अंगठ्याला वजन असतं.

पुढे बिरदेवला मुलगी बघायला पाटसला जायचं ठरलं. नेमका गुरुवार.

"आत्या, तू बघून ठिव. आल्यावर सांग मला."

मी एकट्याने बघितलं. त्या भागात उत्तरेकडचे तिघे हद्द ओलांडून आले. पुढचं तुम्ही पहिल्याच ओळीत वाचलंय आणि विसरलाही आहात. नंतर धाकला नदीकाठी उभा राहून डरकाळ्या फोडत होता. हिंदीतला माणूस म्हणाला, हा आवाज आठ किलोमीटर जातो, आणि तो भावाच्या उत्तराची वाट बघतोय. मग टूथपेस्ट लागली.

शुक्रवारी बिरदेव आला. "काय झालं रं?"

"काय न्हाई. झोपले हुते."

"दोघंबी?"

"दोघंबी."

त्याने मान हलवली आणि डबा उघडला. पोरगी पसंत होती. प्रगती नाव. पुढचे गुरुवारही मग गेले; कधी बस्ता, कधी पत्रिका. दर शुक्रवारी तो विचारायचा आणि दर शुक्रवारी मी सांगायचो. झोपलेले सिंह किती आठवडे चालणार? दुसऱ्या आठवड्यात थोरल्याला मी म्हैस मारायला लावली. चौथ्यात त्याने त्या तिघांना मोजणीची नोटीस दिली. सातव्यात नदी आटली म्हणून दोघा भावांनी बोअर घेतला.

"पाणी लागलं का?"

"अडीच इंच."

"भले!" बिरदेव म्हणाला.

बानूबाई दारात भांडी घासत ऐकायच्या. "काय रं पोरांनो, ह्यो थोरला कुठल्या गावचा? कवा आला न्हाई तुमच्याकडं."

"लांबचा हाय मावशी."

"आसंना का. सणाला तरी बोलवावं."

अकराव्या शुक्रवारी बिरदेव टेंपो घेऊनच आला. सासऱ्यांनी, पोपटरावांनी, त्याला कुरकुंभच्या एका कारखान्यात चिकटवलं होतं. राहायला दौंडला खोली. म्हणजे तो माझ्या गावाला निघाला आणि मी त्याच्या तालुक्यात राहिलो.

मी वही पुढे केली. "अंगठा हाय तुझा. दोघंबी जित्ते हायत. जाता येत न्हाई."

त्याने वळकटी खाली ठेवली.

"आत्या, त्या गुरवारी पोपटरावांच्यात टीव्ही चालूच व्हता. पव्हं खाता खाता बघितलं मी."

"काय?"

"थोरला पडल्याला. मला आवरंनाच, रडाया लागलो बशी हातात धरून. पोपटराव म्हणले, पोरगं मायाळू हाय, द्या पोरगी." तो हसला, पण नाक पुसून. "थोरल्यापायी जमलं बघ लगीन."

"मग दर शुक्करवारी इचारायचास कशाला?"

"तुजा थोरला झ्याक व्हता की. बोअर घेतला त्यानं. मला वाटायचं, औंदा ऊस लावतोय."

मग टेंपोत बसताना म्हणाला, "फेरफार टाकून दे आता. नाव कमी कर."

टेंपो चौफुल्याकडे वळला. सणसवाडी ते दौंड किती किलोमीटर, मी मोजलं नाही. आठपेक्षा जास्त आहे.

त्यानंतरच्या गुरुवारी अकराला टीव्ही लावला. मालिका संपली होती, मासे चालू होते. मी चहा दोघांचा केला होता. चार नंबरमध्ये पेला एकच उरलेला, त्यामुळे दोन्ही वेळा त्यातूनच प्यायलो. मग वहीचं उरलेलं पान फाडून लिहायला बसलो.

प्रति,
मा. तलाठी साहेब,
सजा आफ्रिका.

विषय: मयत थोरला याचे नाव सातबाऱ्यावरून कमी न करणेबाबत.

महोदय,
वरील विषयास अनुसरून अर्ज करतो की, सदर क्षेत्र सामाईक वहिवाटीचे असून एक भोगवटादार मयत व आमच्याकडील एक भोगवटादार दौंड येथे स्थलांतरित झाला असला, तरी कोणाचीही कोणाशी वाटणी झालेली नाही. सबब, फेरफार मंजूर करू नये. सर्व नावे आहेत तशी एकाखाली एक ठेवावीत, व सर्व संबंधितांनी येत्या गुरुवारी सकाळी ठीक अकरा वाजता खोली नंबर चार येथे समक्ष हजर राहावे, अशी नोटीस आपल्या स्तरावरून काढण्यात यावी, ही नम्र विनंती.