लॉन्ड्रीतल्या पट्ट्याची कैफियत

मित्रांनो, मागच्या खोलीत दाराआडच्या खिळ्याला लटकलेला मळकट, जुना सुती पट्टा म्हणजे मी. मागावरून उतरलो तेव्हा चार बोटं रुंद, दोन माणसांच्या उंचीएवढा लांब आणि पांढराशुभ्र होतो. आता हातभर उरलोय. माझ्याकडे बघून नाक मुरडायचं तर खुशाल मुरडा, पण आधी ऐकून घ्या.

या घरच्या आईनं मला बाजारातून निवडून आणलं. पुढे लॉन्ड्री, मागे घर. धुतलेल्या कपड्यांचे गठ्ठे बांधायचा मान माझा. आई गठ्ठ्यावर गुडघा रोवायची, मला दोन वेढे द्यायची आणि दात-ओठ खाऊन गाठ मारायची. गठ्ठा गाडीवरून रस्त्यावर आपटला तरी आतला रुमाल बाहेर डोकावत नसे. गिऱ्हाइकं वाखाणायची. "माझी गाठ आहे, सोडवायलाही मीच लागते," असं आई ठसक्यात सांगायची आणि मी ताठ व्हायचो. कौतुक कुणाला कडू लागतं?

इस्त्री धाकट्या लेकीकडे होती. तिच्या उजव्या हाताखालून गेलेल्या सदऱ्याची घडी तीन दिवस मोडत नसे. त्या हातावर अख्खं घर जेवत होतं. आईला ते पक्कं ठाऊक होतं, पण तोंडानं कबूल करेल तर ती आई कसली! वर आणखी सुनवायची की इस्त्री तेवढी येते, बाकी सगळा आनंदच आहे.

मागच्या दाराखाली तीन बोटांची फट होती. तिला फळी ठोकू या म्हणून थोरला मुलगा वर्षभर मागे लागला होता. सांडलेलं पाणी मग तुझ्या डोक्यावरून जाणार का, असं विचारून आईनं त्याला गप्प केलं. मळक्या कपड्यांचा ढीग भिंतीला लागून जमिनीवरच पडायचा. शेजारी फुटक्या बादल्या आणि रिकामी खोकी. त्यात उंदरांनी संसार थाटला. उंदरांच्या वासावर कोण येतं, हे मला कळत नव्हतं. कळलं असतं तरी मला तोंड कुठे होतं?

एका दुपारी धाकटी दारातल्या गिऱ्हाइकाशी बोलता बोलता ढिगाकडे वळली आणि न बघताच तिनं आत हात घातला.

"आई, काहीतरी चावलं गं."

भिंतीच्या कडेनं साप सरपटत गेला आणि त्याच फटीतून बाहेर पडला. तिच्या मनगटाजवळ रक्ताचे दोन ठिपके उमटले.

आईनं मला खेचलं. दंडावर तीन वेढे घातले आणि गठ्ठा आवळावा तसं आवळलं. थोरला म्हणाला, "आई, एवढं नको. नुसतं दवाखान्यात नेऊ."

"तू गाडी काढ. विष वर चढल्यावर तुझं शहाणपण चाटू का?"

जवळच्या दवाखान्यात सापाच्या विषावरचं औषध नव्हतं. मोठ्या दवाखान्याचा रस्ता उखडलेला, पुढे ट्रक आडवा. वाटेत धाकटी कळवळून सांगत होती की हात फुटतोय, जरा सैल कर. आई म्हणाली, "सोस बाळा. जीव वाचतोय तुझा." हातातल्या बांगड्या मांसात रुतल्या. मग धाकटी दुखतंय म्हणायची थांबली. आईला वाटलं, उतार पडला. मी तिच्या कातडीला चिकटून होतो. तो हात गार पडत चालला होता.

पोचेपर्यंत पाच तास झाले होते. डॉक्टरीणबाईंनी मला पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले. आई गाठ सोडवायला पुढे झाली, तर त्यांनी तिला अडवलं. एकदम सोडणंही धोक्याचं, आधी औषध सुरू होऊ दे, म्हणाल्या. नंतर आईला बोलावलं, पण तिची बोटं गाठीवरून नुसती घसरत राहिली. तिची गाठ तिलाच सुटली नाही. शेवटी मला कात्री लागली.

जीव वाचला. उजव्या हाताची चार बोटं गेली.

"विषाला आमच्याकडे औषध होतं," डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. "हाताला रक्तच मिळालं नाही. बांधायचं नसतं, चिरायचं नसतं, चोखायचं नसतं. बांगड्या-अंगठ्या उतरवायच्या, हात हलू द्यायचा नाही आणि थेट इथे यायचं."

"म्हणजे मीच," आई म्हणाली.

आता फटीला फळी आहे. कपडे उंच मांडणीवर असतात, खोकी आणि बादल्या भंगारात गेल्या. धाकटी आधी काठीनं ढीग हलवते, मग डावा हात घालते. चप्पलसुद्धा आपटल्याशिवाय घालत नाही. इस्त्री थोरला करतो आणि गिऱ्हाइकं कमी झाली आहेत. आई कुणाला टोचून बोलत नाही; घरात त्याचीच जास्त भीती वाटते. गठ्ठे ती आता पिशवीत भरते.

"टाकून दे ना तो," धाकटी एकदा माझ्याकडे बोट करून म्हणाली.

"राहू दे. मला दिसलं पाहिजे."

म्हणून मी इथे आहे, ती गाठ पोटाशी घेऊन. मित्रांनो, आयुष्यभर जे चोख केलं, तेच त्या दिवशीही चोख केलं. माझ्यासारखा पट्टा तुमच्याकडे असेल तर त्याला गठ्ठ्यापुरताच ठेवा. फळी ठोकू म्हणणारं कुणी घरात असेल, तर त्याचं आजच ऐका. आणि कधी कुणाला चावलंच, तर दोरी शोधू नका, गाडी शोधा.