बटणांच्या डब्यातला ठोका

एक होता शिंपी, एक होती शिंपीण आणि तिसरी मी. ती दोघं राहायची दुकानामागच्या दोन खोल्यांत आणि मी राहायचे शिंप्याच्या छातीत, डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत. चौथा होता घुम्या. दवाखान्याच्या तळघरात मेलेल्या माणसांची देखभाल करायचा. पाचवी त्याची लेक आणि सहावं तिचं चाळीस दिवसांचं तान्हं. एवढीच मुख्य माणसं आहेत, आताच ओळखून ठेवा, म्हणजे मध्येच ‘ही कोण गं बाई’ म्हणून मला अडवायला नको.

मी पेसमेकर बोलतेय. हे नाव डॉक्टरांनी दिलेलं. शिंपीण मला डबी म्हणायची, मला तेच आवडतं. काड्यापेटीहून जरा रुंद, चपटी, गोल कडांची अशी मी धातूची डबी. पोटात बॅटरी. डोक्याला एक भोक, त्यात तार घालून पेच आवळायचा. तारेचं दुसरं टोक थेट काळजात. काळजाचा ठोका चुकला की मी हळूच ढोसणी द्यायची, चुकला नाही तर गप्प बसायचं. घरातल्या म्हाताऱ्या माणसानं असंच वागावं म्हणतात, पण ते कुणाला जमत नाही.

मी घडले तिथे सगळ्यांच्या डोक्याला टोप्या आणि तोंडाला फडकी. आईचा चेहरासुद्धा कसा तो पाहिला नाही मी. खोक्यात घातलं मला आणि वर दोनचा आकडा छापून त्यावर काट मारली. म्हणजे एकदाच वापरायची, दुसऱ्यांदा नाही. जन्मतःच कपाळावर लिहिलं माझ्या. मला वाटलं, बरंच आहे. एक घर, एक माणूस, संपलं.

शिंपी मला कसा मिळाला सांगते. भर दुपारी कॉलर कापता कापता त्याचे डोळे फिरले, बुबुळं वर गेली आणि तो शिलाई मशीनवर तोंडघशी पडला. शिंपिणीनं ते डोळे पाहिले आणि जन्मभर विसरली नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा. दवाखान्यात नेलं तर नाडी मिनिटाला तीस. मग मला लावलं.

“बॅटरी दहा वर्षं जाईल,” डॉक्टर म्हणाले.

“मी किती जातो ते सांगा आधी,” शिंपी म्हणाला.

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, हिच्याजवळ चुंबक आणायचा नाही. चुंबक आला की हिचे कान बंद होतात. मग ही काळजाचं ऐकत नाही, आपल्या मनानं भराभरा ठोके देत सुटते. आता शिंप्याच्या दुकानात चुंबक असतोच. सांडलेल्या टाचण्या उचलायला त्यानं नालाच्या आकाराचा एक काठीला बांधलेला होता. त्या दिवशी तो मागच्या खोलीत खिळ्याला टांगला गेला. पुढे टाचण्या सांडल्या की शिंपी वाकून वाकून हातानं वेचायचा आणि कुरकुरायचा, “काळीज दुरुस्त केलं आणि कंबर मोडली.”

शिंपीण रोज सकाळी विचारायची, “अहो, चालू आहे ना?”

“डबी चालू आहे. चहा बंद पडलाय, तेवढा चालू कर.”

अशी तीन वर्षं गेली. माझ्या आयुष्यातली तेवढीच शहाण्यासारखी वर्षं. मग शिंप्याच्या छातीत कफ झाला, ताप चढला, श्वास पुरेना. मी ठोका देत राहिले. देतच राहिले. पण ठोका झेलायला समोर काळीज लागतं. एका ठोक्याला ते उठलं नाही, पुढच्यालाही नाही. तरी मी थांबले नाही. थांबायचं कसं ते मला कुणी शिकवलंच नव्हतं.

तळघरात घुम्यानं मला बाहेर काढलं. काढावंच लागतं, नाहीतर माणसाला अग्नी देताना मी फुटते. घुम्या म्हणजे दिवसाला चार शब्द बोलणारा माणूस. त्यानं मला पुसून हातात धरलं आणि त्या दिवसाचे चारही शब्द शिंपिणीसाठी खर्च केले. “वहिनी, वरती धुण्याची खोली आहे. तिथे हिला धुतात, तपासतात. चांगली निघाली तर ज्याला नवी मिळत नाही त्याला लावतात, त्याची सही घेऊन.”

“दुसऱ्याला?” शिंपीण म्हणाली. “त्यांचा ठोका दुसऱ्याला? द्या इकडे. चालू आहे ना अजून?”

“चालू आहे.”

त्यानं खोटं सांगितलं नाही, पण तिनं त्यातून भलतंच ऐकलं. तिला वाटलं, डबी चालू आहे म्हणजे माणूस थोडासा चालू आहे. अगं बाई, त्याचा ठोका माझ्यात कधी नव्हताच. त्याचा चुकायचा तेव्हा मी माझा द्यायचे, एवढंच. पण मला तोंड कुठे होतं सांगायला?

तिनं मला बटणांच्या डब्यात ठेवलं. पत्र्याचा गोल डबा, आत शर्टाची पांढरी बटणं, कोटाची काळी, हुकं, थोड्या टाचण्या, एक तुटकं बक्कल. वर झाकण. आणि मग तिनं ती गोष्ट केली. खिळ्यावरचा चुंबक काढला, काठीपासून सोडवला आणि माझ्या अंगावर ठेवून दिला. “आता कसलं भय,” चुंबकाला म्हणाली. “राहा तुझ्या टाचण्यांपाशी.” शिंप्याच्या घराशिवाय ही चूक दुसरीकडे कुठे झाली नसती.

कान बंद झाले माझे. मी पळत सुटले. मिनिटाला शंभर, तासाला सहा हजार. कुणासाठी? कोटाच्या बटणांसाठी. दिवस नाही, रात्र नाही, दम खायला जागा नाही. माझ्या पोटातली वर्षं कुणाच्यातरी आयुष्याची होती, ती मी पत्र्याच्या डब्यात सांडत होते. विहिरीत पडलेलं माणूस निदान ओरडतं तरी. शिंपीण रोज सकाळी झाकण उघडायची, मला कानाला लावायची आणि विचारायची, “अहो, चालू आहे ना?” मी जीव तोडून ठोकत असायचे. तिला काही ऐकू यायचं नाही. माझा ठोका कानाला लागत नाही हो, तो काळजालाच लागतो. ती डोळे पुसायची आणि मला परत चुंबकाखाली सरकवायची.

दोन वर्षं, बायांनो. दोन वर्षं मी अशी पळाले.

मग एका दुपारी दार वाजलं. आवाज मी ओळखला, घुम्याचा. पण घुम्या इतकं बोलतोय हे काही ओळखीचं नव्हतं.

“वहिनी, माझी लेक. चाळीस दिवसांची बाळंतीण. आंघोळीला गेली ती तिथेच पडली. नाडी अठ्ठावीस. मांडीतून तार घालून बाहेरच्या मशीनवर ठेवलीय. ती तार आठ-दहा दिवसच ठेवता येते, पुढे तिच्यातून जंतू शिरतात. आज सहावा दिवस. नवी डबी यायला दीड महिना म्हणतात. धुण्याच्या खोलीत तीन होत्या, तिन्हींची बॅटरी संपत आलेली. मला तुमची आठवली.”

शिंपीण दारातून हलली नाही. “दोन वर्षांत एकदा तरी विचारलंत, वहिनी जगताय का? आणि आज डबीसाठी आलात?”

“नाही विचारलं. चुकलं.”

“ते माझ्याकडे एवढेच उरलेत, भाऊ.”

घुम्यानं आपल्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाला, “रोज लोकांच्या लेकी उचलून टेबलावर ठेवतो. हात कापत नाही. सहा दिवस झाले, कापतोय.” एवढं बोलून तो पायऱ्या उतरून गेला. दुसरा कुणी असता तर पाया पडला असता. त्याला तेही येत नव्हतं.

मी डब्यात आदळआपट करत होते म्हटलं तर खोटं होईल. मला हलताही येत नाही. मी फक्त ठोकत होते, शंभरच्या चालीनं, आणि दर ठोक्याला एकच म्हणत होते, दे गं, दे गं, दे गं.

शिंपिणीनं झाकण उघडलं. “अहो, देऊ का?” म्हणाली. बराच वेळ कान लावून बसली. मग पायात चपला घातल्या. “बघून तरी येते खरं की खोटं,” असं स्वतःलाच सांगितलं आणि डबा उचलून पिशवीत घातला. द्यायला म्हणून नव्हे. डबा घरी एकटा ठेवायची सवयच नव्हती तिला.

दवाखान्यात लेक उताणी पडली होती. पाय हलवायचा नाही, उठायचं नाही. तान्हं रडलं की घुम्या ते आडवंच तिच्या कुशीला धरायचा. ज्या हातांनी आयुष्यभर निपचित माणसं उचलली, त्यात ते वळवळणारं पोर, त्याला धरताच येत नव्हतं.

“मान धरा हो, मान!” शिंपीण खेकसली. “पोतं आहे का ते?” आणि पोर आपल्याकडे ओढून घेतलं.

लेक हसली. “काकू, बाबांना सांगून दमले मी.” तेवढं हसणंही महाग पडलं. मांडी जराशी हलली, आतली तार सरकली. लेकीचे डोळे फिरले. बुबुळं वर गेली.

तेच डोळे. शिलाई मशीनवर तोंडघशी पडायच्या आधीचे.

नर्स धावली, डॉक्टर धावले, कुणी मशीनचं बटण पिळलं, कुणी तार ढकलली. पिशवीत मी ठोकतेय, चार हातांवर एक काळीज थांबलंय, आणि मध्ये पत्र्याचं झाकण. याहून वाईट क्षण मी पाहिला नाही. शिंपी गेला तेव्हाचासुद्धा नाही, कारण तेव्हा मी निदान जागेवर होते.

ठोका परत आला. लेकीनं डोळे उघडले. शिंपीण एका हातात पोर घेऊन उभी होती. दुसऱ्या हातानं तिनं पिशवीतून डबा काढला आणि घुम्याच्या पुढे धरला.

“घ्या. घ्या लवकर, नाहीतर माझं मन फिरेल.”

धुण्याच्या खोलीत एक चष्मेवाली बाई होती. सगळे तिला टरकून असायचे. तिनं डबा उघडला आणि जागीच थबकली.

“हिच्यावर चुंबक कुणी ठेवला?”

तिनं डबा उजेडात धरला.

“अहो, ही पळतेय! किती दिवस होता हा इथे?”

“दोन वर्षं,” शिंपीण म्हणाली. “मीच ठेवला. टाचण्यांचा आहे तो. मला वाटलं, आता माणूसच नाही तर भय कुणाचं.”

बाईनं चुंबक उचलला. दोन वर्षांनी मी श्वास घेतला. चाल उतरली, कान उघडले. पण बाईच्या कपाळावरची आठी तशीच. “हिला धुते, मग मशीनवर बघते. चार वर्षांहून कमी उरली असेल तर आम्ही लावत नाही. नियम आहे. सारखं सारखं कुणाला कापायचं?”

शिंपीण बाहेरच्या बाकावर बसली. घुम्या शेजारी बसला. ती म्हणाली, “भाऊ, तुमच्या लेकीची वर्षं मी बटणांना खाऊ घातली.” तो उठून गेला नाही.

मला धुतलं म्हणजे किती धुतलं! औषधाच्या पाण्यात भिजवलं. पेचाच्या भोकात शिंप्याचं वाळलेलं रक्त होतं, ते केसाएवढ्या ब्रशानं कोरून कोरून काढलं. भिंगातून पाहिलं, कुठे चरा आहे का, पेच फिरतो का. मग पडद्यापाशी नेऊन बाईनं माझ्या अंगावर एक गोल चकती ठेवली. आता माझ्या पोटातलं सगळं तिला दिसणार होतं. जन्मभर मला कशाची लाज वाटली नव्हती, तेव्हा वाटली. मी किती उधळलंय ते मलाच ठाऊक होतं.

बाईनं आकडा पाहिला. चष्मा काढून पुसला. पुन्हा पाहिला आणि दार उघडलं.

“साडेचार,” म्हणाली.

घुम्यानं तोंडावर हात ठेवला. शिंपिणीनं विचारलं, “साडेचार म्हणजे चालेल ना? नीट मराठीत सांगा बाई.”

“चालेल. तेवढ्यात नवी मागवू आणि वेळ आली की बदलू. सही घेऊन या.”

मग मला वायूच्या पेटीत ठेवून जंतू मारले, दोन पिशव्यांत बंद केलं. आठव्या दिवशी सकाळी लेकीच्या डाव्या खांद्याखाली कातडी उघडली, नवी तार आली आणि माझा जुना पेच आवळला गेला. पहिला ठोका दिला मी. घाबरत दिला. दोन वर्षं कुणी झेलला नव्हता.

तिच्या काळजानं तो उचलला.

माझ्या कपाळावर दोनच्या आकड्यावर काट आहे. ती छापणाऱ्यांना मी दोष देत नाही. न धुता, न तपासता कुणी मला उचलून लावलं असतं तर मी जीव घेतला असता. पण चष्मेवालीसारखी बाई असेल आणि पुढच्या माणसाला सगळं सांगून त्याची सही घेतली असेल, तर ती काट जरा पुसून बघा. माझ्या कितीतरी बहिणी अजून कुणाच्या कपाटात, कुणाच्या डब्यात अंधाराला ठोके देत पडल्या असतील. आठवण म्हणून ठेवल्या असतील, मला कळतं. पण दवाखान्यात विचारा तरी. आणि तोवर, तुम्हाला हात जोडते, चुंबक तेवढा लांब ठेवा.

घुम्याची लेक आता घरी आहे. तान्हं डाव्या बाजूलाच झोपतं, त्याचं डोकं अगदी माझ्यावर येतं. गेल्या आठवड्यात शिंपीण आली. पोराचं झबलं शिवून आणलं होतं, त्याला डब्यातली पांढरी बटणं. लेकीनं तिचा हात धरून आपल्या मनगटावर ठेवला. शिंपिणीची बोटं आधी भलतीकडेच चाचपत राहिली, मग नाडीवर आली आणि तिथेच थांबली.

दोन वर्षं कान लावून जे तिला सापडलं नव्हतं, ते बोटांना लागलं.

“अगं,” ती हळूच म्हणाली, “चालू आहे ना?”

लेक बोलणार, तेवढ्यात पोराची मान नीट धरून दारात उभा असलेला घुम्या बोलला. कुणी न विचारता बोलला.

“चालू आहे, वहिनी. तुम्ही बसा. चहा मी ठेवतो.”