सरकार पडलं

"सरकार पडलं!" असं ओरडत ड्रायव्हर आत आला, तेव्हा आम्ही सगळे हसलो.

आमच्या धुलाईघरात रेडिओ दिवसभर चालू असतो आणि त्या आठवड्यात बातम्यांना दुसरा विषयच नव्हता. सरकार आज पडतंय की उद्या, एवढंच. मी इस्त्रीच्या मोठ्या रोलरवर हॉस्पिटलच्या चादरी लावत होतो.

"पडणारच होतं," मी म्हणालो.

"उशिराच पडलं," मळके कपडे निवडून हाताने डाग घासणाऱ्या मावशी म्हणाल्या. "मग आता परत मतदान का रे?"

ड्रायव्हर दारातच उभा. धापा टाकत होता. मग माझ्याकडे बघून त्याने हात जोडले. "दादा, ते सरकार नाही हो. आपलं सरकार. वर गच्चीत, वाळत घातलेल्या चादरींमध्ये."

आपलं सरकार म्हणजे माझी बायको.

मी जिना कसा चढलो ते आठवत नाही. डॉक्टर आला, त्याने तपासलं आणि म्हणाला, "त्या पडल्या म्हणून गेल्या नाहीत. गेल्या म्हणून पडल्या." त्याला बिचाऱ्याला धीर द्यायचा असेल.

तिला सरकार हे नाव ड्रायव्हरनेच ठेवलं होतं, टोमणा म्हणून. आमचं धुलाईघर कामगारांचं आहे. जुना मालक टाळं ठोकून निघून गेला तेव्हा ते आम्ही चालवायला घेतलं. तेव्हापासून तिथे कुणी मालक नाही, किंवा सगळेच मालक आहेत. अध्यक्ष आम्ही मत देऊन निवडतो आणि दर वेळी निवडून यायची ती. पण निवडणूक जवळ आली की ती स्वतःविरुद्ध उमेदवार शोधत फिरायची. "अहो, उभं राहा ना कुणीतरी. एकटीच पळाले तर पहिली आले असं कुठल्या तोंडाने सांगू?" शेवटी कुणीतरी वैतागून उभं राहायचं, बहुतेक वेळा ड्रायव्हरच, आणि पडायचा.

त्याने सरकार म्हटलं की ती उसळायची. "सरकार तुम्ही सगळे. मी तुमची नोकर. आणि ज्या नोकराला काढता येत नाही तो मालक होतो, कळलं?"

दोघांचं मुळातच पटत नव्हतं. ड्रायव्हरचं म्हणणं, ठरवायचं एकाने आणि बाकीच्यांनी कामाला लागायचं. "इथे साबण बदलायचा तरी सभा! मी गाडी चालवतो तेव्हा मागच्यांना विचारून वळतो का?" त्यावर ती म्हणायची, "कुठे जायचं ते तरी विचारतोस ना? साबणाने हात कुणाचे सोलतात? तुझे की मावशींचे? ज्याची कातडी जाते त्याचं मत आधी." हे रोजचं. मी रोलरवर उभा राहून ऐकायचो. घरी गेल्यावर ती विचारायची, "तुम्हाला काय वाटतं?" मी म्हणायचो, "तू म्हणतेस ते बरोबर." ती म्हणायची, "मी अजून काही म्हटलेलंच नाही."

ती गेल्यावर घरात मला बसवेना. खुर्चीवर बसलो की उठायचो, खिडकीशी जायचो, परत यायचो. मुलगी रजा घेऊन आली होती. ती म्हणायची, "बाबा, जरा टेका." टेकलो की पाय आपोआप हलायचे.

एका संध्याकाळी धुलाईघरातली मंडळी घरी आली. मशीनची दुरुस्ती बघणारा मिस्त्री सगळ्यांच्या वतीने बोलला.

"दादा, आम्ही ठरवलंय. वहिनींच्या जागी तुम्ही."

"मी? मला काय कळतं त्यातलं?"

"कळायचंय काय त्यात? माणूस घरचा आहे. कुणी उभंच राहणार नाही. बिनविरोध!"

हा शब्द त्याने असा उच्चारला की जणू हारच घातला गळ्यात. बाकीच्यांनी माना डोलावल्या. ड्रायव्हर दाराशी उभा होता, त्यानेही डोलावली. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. धुलाईघरातली तिची ती कोपऱ्यातली खोली, टेबल, खिडकीतून दिसणारी गच्ची. तिथे बसायला मिळालं तर घरी बसावं लागणार नाही.

मंडळी गेल्यावर मुलगी कप उचलत म्हणाली, "बाबा, तुम्हाला अध्यक्ष व्हायचंय की आईच्या खुर्चीत बसायचंय?"

"त्यात काय फरक आहे?"

"राजाच्या मागून राजाचा मुलगा, तसा अध्यक्षाच्या मागून अध्यक्षाचा नवरा. मग निवडणूक तरी कशाला म्हणता? वारस म्हणून नाव लावून घ्या."

"लोक मानाने देतायत ग."

"मानाने नाही, दयेने देतायत. आणि दयेला कुणी प्रश्न विचारत नाही. उद्या तुम्ही चुकलात तर कोण बोलणार? म्हणतील, जाऊ दे, बायको गेलीय त्याची."

मला राग आला. "आई गेली आणि तू तिच्यासारखी बोलायला लागलीस."

"कुणीतरी बोलायला नको?" असं म्हणून ती आत गेली. बराच वेळ नळ नुसताच वाहत होता.

दुसऱ्या दिवशी कामावर माझं लक्ष लागेना. एकच चादर मी तीनदा रोलरमधून काढली. शेवटी रोलर बंद केला आणि मागच्या दाराने बाहेर गेलो. ड्रायव्हर गाडीत गठ्ठे चढवत होता.

"तू उभा राहा," मी म्हणालो.

"उभाच आहे की."

"माझ्याविरुद्ध."

त्याने गठ्ठा खाली ठेवला. "दादा, डोकं ठिकाणावर आहे ना? वहिनींना जाऊन महिना नाही झाला. तुमच्याविरुद्ध उभा राहिलो तर लोक तोंडात शेण घालतील माझ्या. घरी आमची ही जेवायला वाढणार नाही."

"तुला व्हायचंय की नाही अध्यक्ष? खरं सांग."

तो गठ्ठ्याशी वाकला. मग गठ्ठ्याची गाठ आवळत म्हणाला, "आजवर इतक्या वेळा पडलो ते काय हौस म्हणून? व्हायचंय तर. पण आता नाही. त्या असताना पडलो आणि त्या गेल्यावर निवडून आलो, यात कसली मर्दुमकी?"

"आणि मी कुणालाच न हरवता निवडून आलो तर त्यात कसली?"

"तुम्ही म्हणजे अगदी..." तो हसला, आणि त्याचे डोळे भरले. "सरकारने शिकवून ठेवलेलं दिसतंय."

"शिकवलं असतं तर काल बिनविरोध ऐकून बरं वाटलं नसतं."

त्याने नाव दिलं. लोकांनी त्याला खरंच नावं ठेवली. मिस्त्री तर त्याच्याशी बोलेना. मी सांगत फिरलो की मीच त्याला गळ घातली, पण लोकांना वाटलं हा माझा मोठेपणा.

सभा दुपारी कपडे निवडायच्या खोलीत झाली. गठ्ठ्यांवरच सगळे बसले. आधी ड्रायव्हर उठला. "मी वहिनींशी जन्मभर भांडलो," तो म्हणाला. "त्या आता नाहीत म्हणून माझं मत बदललेलं नाही. लहानसहान गोष्टींना सभा नको. मी ठरवीन, चुकलो तर मला काढा. एवढंच." आणि खाली बसला.

मग मी उठलो. इतक्या माणसांसमोर मी कधी बोललो नव्हतो. म्हटलं, "तिचं जे धोरण होतं तेच माझं."

टाळ्या पडल्या. त्या थांबल्यावर मावशींनी हात वर केला. साबणाने त्यांच्या बोटांच्या पेरांवर भेगा पडल्या आहेत.

"साबणाचं काय करायचं रे?"

"ती म्हणायची तेच."

"काय म्हणायची? आधी म्हणायची महागातला चांगला आणा. मग यंदा हिशेब बघून म्हणाली, थोडे दिवस जुनाच चालवू, मशीन दुरुस्त होऊ दे. मी तिच्याशी भांडले त्यावरून. ती मतं बदलायची रे, ऐकून बदलायची. तुझं काय?"

मी सवयीने डावीकडे बघितलं. सभेत ती नेहमी माझ्या डावीकडे बसायची आणि मी तिचा चेहरा बघून हात वर करायचो. तिथे आता मळक्या टॉवेलांचा ढीग होता. खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते, कुणी मदत करीना.

"मला माहीत नाही, मावशी," मी म्हणालो.

"हे मात्र खरं बोललास," त्या म्हणाल्या आणि हात खाली घेतला.

चिठ्ठ्या टाकून मतदान झालं. मिस्त्रीने सगळ्यांसमोर मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि तोंड वाकडं करत ड्रायव्हरचं नाव घेतलं. कुणी टाळी वाजवली नाही. मग मीच वाजवली, तेव्हा बाकीच्यांनी वाजवली. माझं मत कुणाला दिलं ते मी सांगणार नाही. ते गुप्त असतं.

लोक कामाला गेले. मी मात्र तिथेच येरझाऱ्या घालत राहिलो. हरलो याचं वाईट वाटायला हवं होतं. वाटत होतं ते वेगळंच. इतकी वर्षं तिने रोज विचारलं होतं, तुम्हाला काय वाटतं, आणि मला कधी काही वाटलंच नव्हतं. आता स्वतःचं काही वाटायला हवं होतं, तर ऐकायला ती नव्हती.

ड्रायव्हर परत आत आला. "दादा, एक बोलू? आज मी जे भाषण केलं ना, वहिनी असत्या तर पहिल्याच वाक्याला अडवलं असतं त्यांनी. अडवायला कुणीच नाही हे बघून मी घाईने खाली बसलो. खरंच. जिंकलेल्या माणसाला कुणी अडवलं नाही तर तो काय करेल सांगता येत नाही. मी मला ओळखतो."

"मग?"

"मग ते काम तुमचं. विरोधी पक्ष तुम्ही. दर सभेत मला निदान एक प्रश्न विचारायचा, आणि असा विचारायचा की मला घाम फुटला पाहिजे."

"मला नाही जमायचं."

"नाही जमलं तर मीच ठरवीन सगळं. मग बोलायचं नाही."

तो गेला. मी रोलर सुरू केला. वाफेच्या आवाजात कुणाला ऐकू जात नाही, म्हणून चादरी लावता लावता मोठ्याने प्रश्न विचारून बघितले. एकही धड झाला नाही. काही प्रश्न तिचेच होते, काही नुसतीच तक्रार होती.

त्याची अध्यक्ष म्हणून पहिली सभा सोमवारी आहे. माझा प्रश्न अजून तयार नाही.